कवड्यांच्या हाराला दोन हुक

अमेरिकेत तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगते, चौकटी करत होते. त्यावर निम्मे लोक विचारतात, "दाराच्या का?" मग मी म्हणते, नाही हो, चित्रांच्या आणि फोटोंच्या. तिथे त्यांचं कुतूहल संपतं. शिकागोजवळ शॉमबर्गला आमच्या ओळखीच्या घरांतले नवरे कॉम्प्युटरवर दिवसभर नक्की काय करतात हे त्यांच्या बायकांनाही सांगता यायचं नाही, तरी त्यांचा केवढा दबदबा. माझं काम मात्र त्यांच्याच दिवाणखान्यात डोळ्यांसमोर टांगलेलं असायचं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाईल तर शपथ. अर्थात, लक्ष गेलं नाही म्हणजे फ्रेम चांगली झाली, असं आमच्या धंद्यात मानतात. मी आपली त्यातच समाधान मानायचे.

हेमंतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे मी अकोल्याहून तिकडे गेले. व्हिसा असा की मला नोकरी करायची परवानगी नव्हती. काही वर्षं पोळ्या लाटण्यात आणि खिडकीतून बर्फ बघण्यात गेली. दोन हजार दोन साली माझं वर्क परमिट आलं आणि मी घरापासून चालत जाता येईल अशा पहिल्या दुकानात शिरले. एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला डोनटचं दुकान आणि मध्ये हे फ्रेमिंगचं. मालक वॉल्टर, सत्तरीला टेकलेला पोलिश म्हातारा. त्याच्या हातांवर काच कापून कापून बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. "सरळ कापता येतं का?" एवढंच त्यानं विचारलं. शंकरपाळ्यांनी माझा हात किती सरळ केलाय हे त्याला कसं सांगणार? मी पुठ्ठा कापून दाखवला.

या कामाची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. चित्र फ्रेममध्ये चिकटवत नाहीत. चिकटवलं की ते मेलं. कागदावरचं चित्र असेल तर वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या लावून ते नुसतं लटकवायचं, आणि त्या पट्ट्या लावायच्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं. वॉल्टर मोठ्या अभिमानानं मला ती खळ शिजवायला शिकवत होता आणि मी हसू दाबत होते. लहानपणी पतंगांसाठी दुसरं काय शिजवत होतो? पण त्यामागचं कारण त्यानं सांगितलं तेव्हा मी हसायची थांबले. तो म्हणाला, "ही पाण्यानं सुटते. आपण जे करू ते उद्या कुणाला तरी चित्राला इजा न करता सोडवता आलं पाहिजे." चित्र कापडावर असेल तर मागच्या कापडावर बारीक टाक्यांनी शिवायचं. कारण तेच, टाके उसवता येतात.

मी काउंटरवर आले तशी आपली माणसं दुकानात यायला लागली. पदवीची सर्टिफिकेटं, बाळाच्या पायांचे ठसे, गणपती. एका काकूंना देवीच्या तसबिरीला रोज कुंकू लावायचं होतं, तर काच नको होती. आणि तसबीर खराब होऊ नये म्हणून काच हवीही होती. त्यांनी माझा एक अख्खा शनिवार खाल्ला. वॉल्टर आतून सगळं ऐकायचा आणि नंतर म्हणायचा, "तुमचे देव फार कामाला लावतात."

मग एक दिवस पराग आला. नागपूरचा, तिशीचा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच.

"काकू, थोडं अर्जंट आहे. बाबांचा फोटो आहे. संडेला तेरावं करतोय अपार्टमेंटमध्येच."

"तू गेला नाहीस?"

"जाता नाही आलं. व्हिसा स्टॅम्पिंगचा प्रॉब्लेम होता. गेलो असतो तर परत यायची गॅरंटी नव्हती." त्यानं पाकिटातून फोटो काढून काउंटरवर ठेवला. "आणि काकू, हार लटकवायची काहीतरी व्यवस्था करा ना. एका फ्रेंडकडे टेपनं चिकटवला होता. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि यार, हार धाडकन खाली."

मी फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दोन छोटे पितळी हुक बसवले. एवढीशी गोष्ट, पण अमेरिकेतल्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये ती नव्हती. फ्रेम तयार करून काउंटरवर ठेवली. पराग न्यायला यायचा होता, त्याआधी मिस अर्लीन आली.

मिस अर्लीन वॉल्टरची जुनी गिऱ्हाईक. शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका सरकारी शाळेत ती चित्रकला शिकवत असे आणि मुलांच्या चित्रांच्या फ्रेमा वॉल्टरकडून करून नेत असे. आता निवृत्त होऊन स्वतःची चित्रं करत होती. उंच, काळीभोर, डोक्याला निळं कापड गुंडाळलेलं. तिच्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांना नावाआधी मिस लावून हाक मारतात, आपण मावशी म्हणतो तसंच. वॉल्टर तिच्यापेक्षा मोठा, तरी तोही मिस अर्लीनच म्हणायचा.

तिनं परागची फ्रेम पाहिली. "हे कोण? आणि यांच्या फ्रेमला हे दोन कान कशाला?"

मी सांगितलं. फोटो गेलेल्या माणसाचा, त्याला हार घालतात, हार अडकवायला हुक. तेवढ्यात पराग आलाच. मिस अर्लीननं त्याला विचारलं, "तुझे वडील ना? नाव काय त्यांचं?"

"मधुकर."

"मदुकर," ती मोठ्यांदा म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. "आमच्यात नाव मोठ्यानं घेतात, हनी. नाव घेणारं कुणी असलं की माणूस अगदीच गेलेला नसतो."

पराग तोपर्यंत बरा बोलत होता, पण त्या चुकीच्या उच्चारानं त्याचे डोळे भरून आले. तो फ्रेम छातीशी धरून गेला आणि मिस अर्लीन मला म्हणाली, "माझ्या सगळ्या फ्रेमांना असे कान लाव."

तिची चित्रं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती कापडावर कापड शिवून माणसं करायची. कामावरच्या जुन्या विजारी, एप्रन, चर्चमध्ये घालायच्या झग्यांचे तुकडे, आणि त्यांत आफ्रिकेतलं कापड: मालीतलं चिखलानं रंगवलेलं, नायजेरियातलं निळीत बुडवलेलं, घानातल्या अरुंद पट्ट्या जोडून केलेलं. आपण ज्यांच्यापासून आलो ती माणसं, असा त्या सगळ्या चित्रांचा विषय होता. आई, आजी, पणजी यांचे चेहरे तिनं फोटोंवरून रंगवले होते. पणजीच्या मागे फोटो नव्हते, नावंही नव्हती. त्या माणसांना तिनं चेहऱ्याच्या जागी नुसतं आफ्रिकेचं कापड दिलं होतं, डोळे नाहीत, नाक नाही.

चित्रं पाहिली त्याच दिवशी मी तिला आपला नेहमीचा प्रश्न विचारला. कुणीही मराठी माणूस दुसऱ्याला विचारतो तोच: मूळच्या कुठल्या तुम्ही? ती म्हणाली, मिसिसिपी. मी म्हटलं, ते झालं, पण मूळ गाव? माझी आजी देवाच्या नावासकट गाव सांगायची, त्याच सवयीनं विचारलं. वॉल्टर आतून खाकरला. मिस अर्लीननं माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि त्या बिनचेहऱ्याच्या चित्राकडे बोट केलं. "हिला विचार. तिला ठाऊक आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र रागावली नाही. उलट म्हणाली की हे असं सरळ कुणी विचारतच नाही, आणि विचारलं की निदान कळतं आपलं काय हरवलंय. त्यानंतर ती शॉमबर्गला आली की माझ्यासाठीच आल्यासारखी तास-दीड तास बसायची. मी चहा करायचे. ती त्यात चार चमचे साखर घालायची आणि मला सुनी म्हणायची.

हार कशाचे करणार, असं मी विचारलं तर तिनं पिशवीतून कवड्यांची माळ काढली. मी दचकलेच. कवड्यांची माळ आमच्याकडे देवीची, गळ्यात घालून जोगवा मागतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "या मुळात तुमच्याच बाजूच्या समुद्रातून यायच्या. मालदीवच्या. जहाजांनी आफ्रिकेला जायच्या आणि तिकडे नाण्यांसारख्या चालायच्या. या देऊनच माझी माणसं विकत घेतली गेली." ती माळ तिनं माझ्या हातात दिली. गार होती आणि बरीच जड. "म्हणून मी या त्यांच्याच गळ्यात घालते. आता या त्यांच्या."

कवड्यांच्या वजनानं फ्रेमचे कोपरे उघडतील, अशी वॉल्टरला धास्ती होती. आम्ही प्रत्येक कोपऱ्यात कठीण लाकडाची पाचर बसवली. पुढे वर्ष-दीड वर्ष एकेक चित्र येत राहिलं आणि हुक लावून जात राहिलं. तिच्या वस्तीतल्या कलाकेंद्रानं तिचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं, तिचं एकटीचं असं पहिलंच.

गडबड झाली ती तिच्या भाचीच्या चित्रामुळे. कॉलेजात शिकणारी, पिवळ्या कापडाची, हसरी पोरगी. "हिलाही कान," मिस अर्लीन म्हणाली.

"नको!" मी इतक्या जोरात म्हणाले की वॉल्टर बाहेर आला. "जिवंत माणसाच्या फोटोला हार नाही घालत. अशुभ असतं."

"पण त्या दिवशी तू मला फोटो दाखवलास, त्यात तुमच्या कुठल्याशा पाहुण्याच्या गळ्यात चांगला गलेलठ्ठ हार होता. तो तर जिवंत होता."

"तो गळ्यात. गळ्यात चालतो. फोटोला नाही चालत."

ती खदाखदा हसली. "म्हणजे स्वतः येऊ शकत असाल तर गळ्यात, आणि येऊ शकत नसाल तर फोटोला." मग हसता हसता थांबली. भाचीचं चित्र तिनं गुंडाळून ठेवलं, पिशवीच्या तळातून आणखी एक काढलं आणि काउंटरवर पसरलं. "आणि ज्याचं माहीतच नाही त्याला?"

वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. निळ्या डेनिमचा, एक खांदा वर, निघायच्या तयारीत असल्यासारखा. चेहरा इतका बारकाईनं रंगवलेला की तिच्या दुसऱ्या कुठल्याच चित्रात मी तसा पाहिला नव्हता. तिचा धाकटा भाऊ, लिऑन. आई लवकर गेली, म्हणून अर्लीनचाच हात धरून तो चालायला शिकला, तिनंच त्याला वाढवलं. एका सकाळी वडिलांशी भांडला, लांबच्या बसमध्ये बसला आणि गेला. एक पोस्टकार्ड आलं, दूर पश्चिमेकडच्या ओकलंडहून. पुढे काही नाही. तिनं हॉस्पिटलं पाहिली, तुरुंगांना विचारलं, बेवारशी मेलेल्यांच्या याद्याही चाळल्या.

"तुमच्याकडे अशा माणसाचं काय करतात?" तिनं विचारलं.

जे माहीत होतं ते मी सांगितलं. आमच्याकडे बारा वर्षं वाट बघतात. मग माणूस गेला असं धरून विधी करतात, आणि घरचे मोकळे होतात.

"बारा," ती म्हणाली. "मी तर बारा दोनदा केली आणि वर आणखी काही." तिनं डेनिमच्या बाहीवरून हात फिरवला. "मग माझी मुदत केव्हाच संपली. लाव हुक, सुनी. दमले मी. बाकीच्यांबरोबर त्याचंही नाव घेते आणि मोकळी होते."

मी म्हटलं, मिस अर्लीन, आमच्याकडचं आमच्याकडे, तुम्ही ते कशाला मनावर घेता. तिनं ऐकलं नाही. वॉल्टर मला आत घेऊन गेला आणि म्हणाला, "गिऱ्हाईक सांगतं ते करायचं. आणि हुक तर आहेत, काढता येतात." त्याचं म्हणणं खरं होतं. हुक काढले तर लाकडात बारीक भोकं राहतात, मेण भरलं की तीही दिसत नाहीत. तरीही त्या दोन हुकांसाठी भोकं पाडायचं काम मी संध्याकाळपर्यंत टाळलं. गिऱ्हाइकाचं काम पूर्वी कधी टाळलं नव्हतं.

त्याचं कारण घरचं होतं. आदल्या वर्षी माझे वडील अकोल्यात गेले. ग्रीन कार्डचे कागद अशा ठिकाणी अडकलेले की देश सोडला तर सगळं पहिल्यापासून. परागवर आलेली वेळ माझ्यावर आली. मी फोनवर आईचं रडणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बाबांच्या फोटोला फ्रेम केली. चांगलं अक्रोडाचं लाकूड. सगळ्या गावाला हुक लावणारी मी, त्या फ्रेमला लावू शकले नाही. हेमंत एकदा म्हणाला, "हुक लाव ना, तुझंच तर काम आहे." आमची मुलगी म्हणाली, "आई, इट लुक्स नाईस लाइक दॅट." मी आपली उद्या, परवा करत राहिले. मी त्यांना गेलेलं पाहिलंच नाही, मग हार कसा घालू? मला अजून वाटायचं की एकदा अकोल्याला गेले की बाबा फाटकापाशी उभे असतील आणि म्हणतील, किती उशीर केलास. आजही ती फ्रेम बिनहुकांचीच आहे. आता मला त्याचं काही वाटेनासं झालंय, पण तेव्हा फार वाटायचं.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी वॉल्टर आणि मी चित्रं घेऊन गेलो. कलाकेंद्र म्हणजे जुनी बॅंक होती, उंच छत आणि दगडी फरशी. एरवी चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं टांगतात. मिस अर्लीनला खाली हवी होती, हार घालायला हात पोचला पाहिजे म्हणून. आम्ही सगळे खिळे पुन्हा मोजून ठोकले. वॉल्टर पोलिश भाषेत काहीतरी पुटपुटत होता, ते मला न कळलेलंच बरं.

दार उघडायच्या आधी तिनं हार घालायचं ठरवलं होतं. वॉल्टर बाहेर गाडी हलवायला गेला होता. हॉलमध्ये आम्ही दोघीच. हार लांब, म्हणून दोघींनी दोन टोकं धरायची. ती डावीकडे, मी उजवीकडे. ती नाव घ्यायची, आपलं टोक हुकावर अडकवायची, मग माझ्याकडे बघून मान हलवायची आणि मी माझं टोक अडकवायचे. आई, रूबी. आजी, कॉर्डेलिया. पणजी, हॅना. ज्यांची नावं नव्हती त्यांना ती नुसतं "माय" म्हणाली. त्या बिनचेहऱ्याच्या कापडावर कवड्या टेकल्या की हलकासा आवाज व्हायचा. बाहेर लोक जमायला लागले होते, काचेतून बायकांच्या चर्चला जायच्या ठेवणीतल्या टोप्या दिसत होत्या.

शेवटी आम्ही लिऑनपाशी आलो.

तिनं आपलं टोक हुकावर अडकवलं. मी माझं टोक हुकाजवळ धरून उभी राहिले. तिनं नाव घेतलं नाही. मी तिच्याकडे बघत होते. ती त्याच्याकडे बघत होती. माझे खांदे भरून आले, कवड्या जड, पण हलायची माझी हिंमत होईना. बाहेरून कुणीतरी काचेवर बोटानं वाजवलं. ती तशीच. तिचे ओठ एकदा हलले आणि मला वाटलं, आता म्हणेल. मनातल्या मनात मी म्हणत होते, नका म्हणू, मिस अर्लीन, नका म्हणू. तिच्यासाठी म्हणत होते की माझ्यासाठी, कोण जाणे.

"सोड, बेबी," ती म्हणाली.

"काय?"

"सोडून दे ते टोक."

मी सोडलं. हार एका हुकावरून सरळ खाली लोंबला आणि दोन-तीन वेळा भिंतीवर आपटून थांबला. मी तो काढून घ्यायला पुढे झाले, तर तिनं माझा हात धरला.

"असू दे. माझी बाजू मी केली. उरलेली त्यानं येऊन करावी. लहानपणापासून प्रत्येक काम अर्धं टाकून पळतो."

पुढे लोकांनी त्या एका हुकावरच्या हाराचे पुष्कळ अर्थ लावले. एका वर्तमानपत्रात तर त्यावर अर्धा रकाना आला होता, त्यातलं मला निम्मंही कळलं नाही. तेव्हा मात्र तिनं डोक्याचं निळं कापड नीट केलं, चष्मा पुसला आणि दार उघडायला गेली. थंडीतली माणसं लोंढ्यानं आत यायला लागली. ती दारातच उभी राहिली. बायकांचे हात हातात घेत होती, मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवत होती. पण पन्नाशीचा कुणी पुरुष आत शिरला की ती त्याला थोडा थांबवायची, दिव्याच्या बाजूला वळवायची आणि त्याचा चेहरा नीट बघून मगच पुढे सोडायची.